काळ्या कागदावर उजेडाचे हात: पांढऱ्या रंगाची गम प्रिंट कशी काढावी

सिटीलाइटच्या बाजारातून आणलेलं पापलेट धुऊन मी काळ्या पाट्यावर ठेवलं होतं. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. पाठीची कड, कल्ल्याजवळची चकती आणि शेपटीची दोन टोकं एवढंच चमकत होतं, बाकी मासा पाट्याच्या काळ्यात बुडालेला. फोटो काढला आणि नेहमीसारखी पांढऱ्या कागदावर गम प्रिंट करायला घेतली. चार दिवस काळा रंग चढवत बसले, तरी पाट्याचं ते खोल काळं काही येईना. थर जाड केला की सोलून निघे, पातळ केला की राखाडी दिसे. तेव्हा सुचलं, की काळं आधीच आहे असं धरून फक्त उजेड लावला तर? पाटीवर आपण पांढऱ्या पेन्सिलीने लिहितोच की. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ बोलतं, भिंत तशीच राहते. त्या पापलेटापासून मी गडद कागदावर फिकट रंगाच्या गम प्रिंट करते आहे. दादरच्या दोन खोल्यांत, मुंबईच्या दमट हवेत हे जमवताना जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी पद्धतीचं मूळ. डिंक, रंग आणि बायक्रोमेट (क्रोमियमचा एक क्षार) एकत्र करून कागदावर फासायचं, वाळवायचं, वर चित्र छापलेली पारदर्शक फिल्म ठेवून उन्हात धरायचं. अतिनील किरण पोचतात तिथला डिंक पाण्यात विरघळेनासा होतो आणि पोटातल्या रंगाला धरून ठेवतो. बाकीचा पाण्यात सुटून जातो. बायक्रोमेटचा कागद उजेडाने बदलतो हे स्कॉटलंडच्या मंगो पॉन्टन यांनी १८३९ मध्ये दाखवलं. १८५५ मध्ये फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँ यांनी त्यात रंगद्रव्य घालून चित्र उमटवायची रीत काढली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, आपल्या शहरात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. हा शेजार मला फार मोलाचा वाटतो.

गडद कागदावर काय काय उलटतं

हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय कागदाला हात लावू नका. नेहमीच्या गममध्ये रंग म्हणजे सावली आणि कोरा कागद म्हणजे उजेड, म्हणून तिथे निगेटिव्ह लागते. इथे रंग म्हणजे उजेड. चित्रातल्या उजळ जागीच किरण पोचायला हवेत, म्हणून फिल्म पॉझिटिव्ह हवी: मूळ फोटोत पांढरं ते फिल्मवर पारदर्शक, काळं ते काळं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गम नेहमी सर्वांत पातळ थरांत हरते. ज्या जागी किरण थोडेच पोचले तिथला डिंक वरवरच घट्ट होतो, खालचा मऊ राहतो, आणि धुताना सगळाच वाहून जातो. पांढऱ्या कागदावर त्यामुळे चेहऱ्यावरच्या, आभाळातल्या नाजूक छटा जातात आणि प्रिंट टक्कल पडल्यासारखी दिसते. गडद कागदावर जातात त्या सावलीतल्या छटा, आणि त्या काळ्यात मिसळून गेल्या तर डोळ्याला खटकत नाही. रात्री आपण असंच पाहतो. या पद्धतीचा कमकुवतपणा इथे आपल्या बाजूने उभा राहतो, म्हणून चित्र निवडताना अंधार जास्त आणि उजेड थोडा असलेलंच घ्या: पावसात भिजलेल्या रस्त्यावरचे दिवे, देव्हाऱ्यातली समई, अंबाड्यावरचा मोगऱ्याचा गजरा, डबेवाल्याची पांढरी टोपी. भर दुपारची चौपाटी घेऊ नका.

कागद

बाजारात मिळणारे बहुतेक काळे कार्डशीट या कामाचे नाहीत. पाण्यात रंग सोडतात, अर्ध्या तासात लगदा होतात. कुठलाही तयार काळा कागद घेतलात तर त्याची पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, मग पांढऱ्या टिश्यूवर दाबा. टिश्यू काळवंडला तर तो कागद बाद.

मी स्वतः काळा कागद विकत घेत नाही, तयार करते. ३०० जीएसएमचा सुती जलरंगाचा कागद गरम पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत वाळवायचा, म्हणजे जे आक्रसायचं ते आधीच आक्रसून जातं. आपण तीन-चार हात मारणार आहोत आणि दरवेळी कागद भिजणार आहे. हे केलं नाही तर दुसऱ्या हाताला फिल्म आणि चित्र जुळत नाही. मग काळा जेसो, म्हणजे चित्राखाली देतात तो अस्तराचा रंग, थोडं पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा आणि रुंद ब्रशने एक हात उभा, वाळल्यावर एक आडवा. एक दिवस पूर्ण सुकू द्या. नंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. जेसोमुळे कागद काळा होतो, त्याची भोकं बुजतात आणि डिंकाला धरायला खरखरीतपणाही मिळतो. पॉलिश पेपर जोरात फिरवलात तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चित्र पाण्यात तरंगत निघून येतं.

काळाच रंग हवा असं नाही. सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळं चित्र उमटवायची रीत, येत असेल तर कागद पूर्ण उन्हात निळा करून घ्या, नीट धुऊन वाळवा आणि त्यावर पांढरी गम करा. मरीन ड्राइव्हच्या रात्रीला ती निळाई काळ्यापेक्षा जास्त शोभते.

डिंक

इथे आपल्या घरातल्या शब्दांनी घोटाळा होतो. वाण्याकडे डिंक मागितला की लाडवांसाठी धावड्याचा डिंक मिळू शकतो. तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, गाठी राहतात. गोंद कतिरा तर नुसता फुगतो. आपल्याला गम अरेबिक हवा, म्हणजे बाभळीच्या कुळातला, पाण्यात स्वच्छ विरघळणारा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत त्याची पूड मागा. बाभळीचा डिंक खात्रीचा मिळाला तर तोही चालतो, फक्त गाळायला वेळ लागतो.

१०० ग्रॅम डिंक ३०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पातळ मधासारखा दिसला पाहिजे. मुंबईच्या उन्हाळ्यात तो चार दिवसांत आंबतो, म्हणून चिमूटभर सोडियम बेंझोएट घाला. किंचित आंबूस वास आलेला डिंक वापरता येतो, बुरशी धरलेला फेकून द्या.

बायक्रोमेट, आणि त्याच्याशी कसं वागायचं

पोटॅशियम बायक्रोमेट १० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १०० मिली. गडद बाटलीत महिनोन्महिने टिकतं. अमोनियम बायक्रोमेट जास्त विरघळतं, त्यामुळे कमी वेळात काम होतं, पण ते पेट घेऊ शकतं. घरात पोटॅशियमचंच ठेवा.

हे विष आहे. यातला क्रोमियम कर्करोगाला कारण होतो, आणि कातडीला एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सुटत नाही. पूड तोलताना पंखा बंद, तोंडावर चांगला मास्क, हातात नायट्राइलचे हातमोजे. स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही. वाटी, चमचा, ब्रश, ट्रे सगळं वेगळं, त्यावर लाल खूण, आणि बाटली कुलपात. घरात लहान मूल रांगत असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे काम घराबाहेर न्या. पाणी मोरीत ओतायचं नाही, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना हे रसायन नवं नाही, त्यांच्या जाळीवरच्या लेपातही वर्षानुवर्षं बायक्रोमेट वापरलं गेलं आहे. गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिकांचा बाजार आहे. पत्रिका छापणाऱ्या जुन्या कारागिरांशी बोलाल तर उन्हाची वेळ, दमट हवा आणि लेप वाळणं यांबद्दल बरंच शिकायला मिळेल.

रंग

गडद कागदावर पारदर्शक रंग दिसतच नाही. झाकणारा रंगच हवा, आणि त्यात टिटॅनियम व्हाइट पहिला. अडचण अशी, की टिटॅनियमचा पांढरा अतिनील किरण स्वतःच शोषतो आणि उरलेले विखुरतो. थर जरा जाड झाला की वरची साय घट्ट होते, तळ कच्चा राहतो आणि पाण्यात पापुद्रे सुटतात. म्हणून एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात. यात घाई करून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

माझं प्रमाण: १० मिली डिंकाला ट्यूबमधला टिटॅनियम व्हाइट गौश (झाकणारा जलरंग) २ ग्रॅम. काचेवर चपट्या सुरीने आधी रंग थोड्या डिंकात घोटायचा, कण राहिला नाही की उरलेला डिंक मिसळायचा. पहिल्या हातासाठी मी निम्मा रंग झिंक व्हाइट घेते, तो कमी झाकतो आणि सावलीकडच्या छटा मऊ ठेवतो.

पहिल्या प्रिंटच्या वेळी एक गोष्ट पाहून मी थबकले होते. काळ्यावर पातळ पांढरं निळसर दिसतं. चुलीचा धूर अंधाऱ्या कोपऱ्यासमोर निळा दिसतो तसंच: बारीक कणांवरून निळा उजेड जास्त विखुरतो आणि मागे काळं असलं की तेवढाच डोळ्यांत येतो. पापलेटाला ते शोभलं. माणसाच्या चेहऱ्याला मात्र मढ्याची कळा येते. चेहरा असेल तर पांढऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा यलो ओकर (मातकट पिवळा रंग) घाला.

पॉझिटिव्ह

संगणकावर फोटो कृष्णधवल करा. निगेटिव्ह करण्याची पायरी गाळा. गमवरच्या बहुतेक माहितीत ती असते, तिथे हात सवयीने जातो. चित्र आडवं उलटवा, म्हणजे फिल्मची शाईची बाजू लेपाकडे राहील आणि चित्र सरळ उमटेल. काळा भाग असा गच्च हवा की फिल्म दिव्यासमोर धरल्यावर त्यातून काही दिसू नये. तो अर्धवट असेल तर सगळ्या प्रिंटवर दुधाळ पडदा येतो.

पहिल्यांदा करत असाल तर स्क्रीन प्रिंटिंगसाठी काढतात तशी बारीक ठिपक्यांची पॉझिटिव्ह काढून घ्या. ठिपका एक तर पूर्ण असतो किंवा नसतो, अर्धवट छटा धरून ठेवण्याचं ओझं डिंकावर पडत नाही. हात बसला की सलग छटांच्या फिल्मकडे वळा.

फिल्म आणि कागद दरवेळी त्याच जागी बसावेत म्हणून दोन्हींच्या चार कोपऱ्यांवर खुणा करा. काळ्या कागदावर शिसपेन्सिल दिसत नाही, पांढरी पेन्सिल घ्या.

हात मारणं

साधा पिवळा मंद दिवा चालतो, ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले. रंगीत डिंक आणि बायक्रोमेट समान भाग घ्या. २० बाय २५ सेंटीमीटरच्या चित्राला दोन्ही मिळून ५ मिली पुरतं. मऊ रुंद ब्रशने भराभर आडवं, मग उभं पसरवा. लगेच कोरडा स्पंज रोलर बिनवजनाने फिरवत राहा, लेप चिकटू लागेपर्यंत. साधारण मिनिटभर लागतं. काळ्या कागदावर लेप कुठे जाड झाला ते लगेच दिसतं, हा मोठा फायदा. लेपाखालचं काळं थोडं दिसत राहिलं पाहिजे. कागद सपाट पांढरा झाला असेल तर थर जास्त झाला, ओला असतानाच पुसून पुन्हा करा.

हेअर ड्रायरच्या थंड वाऱ्याने वाळवा आणि लगेच उन्हात न्या. लेप लावलेला कागद अंधारातही हळूहळू घट्ट होतो, आणि दमट, गरम हवेत हे फार वेगाने होतं. एका जुलैत संध्याकाळी लेप लावून मी कागद कपाटात ठेवला, सकाळी ऊन येईल म्हणून. सकाळी उन्हात धरला, दोन तास पाण्यात ठेवला, पण चित्र उघडलंच नाही. कागदभर एकसारखी खडूची साय. आता लेप लावल्यापासून अर्ध्या तासात फ्रेममध्ये जाणार नसेल तर मी लेप लावतच नाही. जमल्यास हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात करायचंच असेल तर वातानुकूलित किंवा डिह्युमिडिफायर लावलेली खोली हवी.

ऊन

फ्रेममध्ये कागद, त्यावर पातळ पारदर्शक पॉलिएस्टरचा पापुद्रा, त्यावर फिल्म, वर साधी काच. पापुद्रा दमटपणामुळे फिल्म लेपाला चिकटू नये म्हणून. अतिनील किरण अडवणारी काच आणि ॲक्रिलिक शीट टाळा.

आधी चाचणीची पट्टी करा. पुठ्ठा सरकवत २, ४, ६ आणि ८ मिनिटं. डिसेंबरच्या दुपारी बाराच्या सुमारास गच्चीवर माझा पहिला हात ६ मिनिटांच्या आसपास बसतो, पण तुमचा कागद आणि फिल्म वेगळी, तेव्हा पट्टी करूनच ठरवा. काच हाताला चटका देण्याइतकी तापू देऊ नका. उष्णतेनेही डिंक घट्ट होतो आणि साय चढते. बराच वेळ धरायचं असेल तर अधूनमधून सावलीत आणून निववा.

गच्ची नसेल तर कीटक पकडायच्या यंत्रातल्या निळसर अतिनील ट्यूब लोहार चाळीत मिळतात, त्या चार-सहा ओळीने पेटीत बसवा. वेळ उन्हापेक्षा बराच जास्त लागतो, पण रोज सारखा. जंतुनाशक यूव्ही-सी ट्यूब चुकूनही आणू नका, ती डोळे आणि कातडी भाजते.

धुणं

ट्रेमध्ये पाणी घ्या, कागद चित्राची बाजू खाली करून तरंगत ठेवा आणि हात लावू नका. पाच मिनिटांत पिवळं पाणी उतरतं. ते बाजूच्या बादलीत ओता, नवं पाणी घ्या. दहा मिनिटांनी पुन्हा. मग अर्धा-पाऊण तास तसंच. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं गरम येतं की लेप एकदम सुटतो. तेव्हा मी माठातलं पाणी वापरते.

उचलून पाहाल तेव्हा आधी सगळं पांढुरकं, धूसर दिसेल. कागद उभा धरा. काळ्या भागांतून दुधाचे ओघळ निघतील आणि मागून चित्र वर येईल. पापलेटाच्या वेळी सर्वांत आधी डोळ्याभोवतीची कड आली, नंतर पाठ, आणि खवल्यांची जाळी अगदी शेवटी, पाणी निथळताना. ही साय ओली असताना सायीइतकीच नाजूक असते. कुठे अडलं असेल तर मऊ ब्रश पाण्याखाली धरून त्या जागेवरून नुसता हलवा.

सगळंच वाहून गेलं तर ऊन कमी पडलं किंवा थर जाड झाला. काही केल्या साय निघत नसेल तर लेप शिळा झाला होता, कागद नीट बुजला नव्हता किंवा फिल्मचं काळं कच्चं होतं. याच क्रमाने तपासा. ओलं असताना काळं फार खोल दिसतं, वाळल्यावर थोडं राखाडी होतं. त्यामुळे ओल्या प्रिंटवर भुलून पुढचा हात कमी करू नका. पूर्ण वाळवा, मग ठरवा.

दुसरा आणि तिसरा हात

पहिल्या हाताने चित्राचा सांगाडा येतो. दुसऱ्या हातात निव्वळ टिटॅनियम आणि वेळ पहिल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे मधल्या आणि उजळ छटाच चढतात. तिसऱ्यात वेळ निम्मा, फक्त सर्वांत उजळ ठिकाणं. वेळ वाढवली की उजेड सावलीकडे पसरतो, कमी केली की टोकांवर थांबतो. सगळं नियंत्रण यातच आहे. प्रत्येक हातानंतर पूर्ण धुणं, पूर्ण वाळवणं.

पापलेटाला चौथा हात दिला तेव्हा पांढऱ्याऐवजी अभ्रकाची बारीक पूड डिंकात घातली, अगदी पातळ. अभ्रक रसायनाला दाद देत नाही, म्हणून बिनधास्त वापरता येतं. पितळ-तांब्याच्या चमकीच्या पुडी मात्र टाळा, बायक्रोमेट त्यांना खातं.

शेवटच्या हातानंतर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा एक टक्क्याचा द्राव करा, सरबतं टिकवायला वापरतात तेच केएमएस. त्यात प्रिंट पाच मिनिटं ठेवा, मग अर्धा तास स्वच्छ पाण्यात. काळ्यावर बायक्रोमेटचा पिवळा डाग दिसत नाही म्हणून पुष्कळदा हे टाळलं जातं, पण डाग पांढऱ्या रंगात उतरलेला असतो आणि विष कागदात राहतं.

बादलीतल्या पिवळ्या पाण्यात हेच केएमएस चमचा-चमचा घाला, मोकळ्या हवेत, वास घशाला लागतो. पिवळं जाऊन हिरवट झालं की घातक क्रोमियमचं कमी घातक रूप झालं. तरीही ते मोरीत नाही. उथळ ट्रेमध्ये, मुलंमांजरं पोचणार नाहीत अशा जागी आटवा, खाली राहिलेला गाळ बरणीत झाकून नाव लिहून ठेवा, आणि बरणी भरली की रासायनिक कचरा रीतसर देणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारून तिथे सोपवा. माझी एक बरणी दोन वर्षांत अर्धी भरली आहे.

प्रिंट सावलीत, दोरीवर एका कोपऱ्याने टांगून वाळवा. चौकटीत घालताना साधी काच लावली तर काळ्यात समोरची खिडकीच दिसते, म्हणून परावर्तन न होणारी काच घ्या, आणि ती चित्राला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी द्या. दमट हवेत टेकलेली काच डिंकाला चिकटते. भिंत निवडताना उजेड बाजूने येणारी निवडा. माझं पापलेट स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की कल्ल्याजवळचं अभ्रक उजळतं.